धन्यवाद ऐकून फसू नका: वंचितांसाठीच्या संस्था चालवणं हेच करिअर करायचं असेल तर

दुकानदाराने खराब माल दिला तर गिऱ्हाईक पुन्हा त्या दुकानाची पायरी चढत नाही. आपलं काहीतरी चुकतंय हे दुकानदाराला गल्ल्यावरूनच कळतं. मदतसंस्थेत ही सोय नाही. पैसे देतो एक, मदत घेतो दुसरा. देणाऱ्याला मदत कशी पोचली ते दिसत नाही आणि घेणाऱ्याला जायला दुसरी जागा नसते. म्हणून निवाऱ्यातलं अंथरूण ओलं असलं तरी तो हात जोडून आभारच मानतो. निराधार वृद्ध, घर सोडून आलेली मुलं, मारहाणीतून सुटून आलेल्या बायका, निर्वासित, मानसिक आजाराने रस्त्यावर आलेली माणसं. यांच्यासाठी काम करणाऱ्या संस्थांचं नेतृत्व करताना सगळी गोम इथेच असते. तुमच्या चुका तुम्हाला आपणहून कोणी सांगणार नाही. त्या कानावर पडाव्यात अशी व्यवस्था लावणं हा या करिअरचा गाभा आहे असं मला वाटतं. पुढे जे लिहिलंय ते बहुतेक त्याच अंगाने आहे.

पहिली पायरी: आधी खालचं काम

संस्थाप्रमुख व्हायचंच असेल तर आधी दोन-तीन वर्षं तरी थेट माणसांसोबतचं काम करा. निवाऱ्यातली रात्रपाळी, हेल्पलाइन, घरभेटी, प्रकरणांच्या नोंदी लिहिणं. रात्रपाळी मुद्दाम म्हणतोय. बहुतेक गोष्टी बिघडतात त्या रात्री आणि सुट्टीच्या दिवशी, जेव्हा कार्यालयाला कुलूप असतं. ज्याने कधी पहाटे तीनला एकट्याने निर्णय घेतलेला नाही तो पुढे प्रमुख होऊन नियम लिहितो, तेव्हा ते नियम दिवसा अकरा वाजता चालतील असेच असतात.

या कामात आपण चमकलोच पाहिजे असं मात्र नाही. 'सेव्ह द चिल्ड्रन'ची स्थापना १९१९ साली लंडनमध्ये करणाऱ्या एग्लंटाइन जेब यांनी तरुणपणी शाळेत शिकवून पाहिलं होतं. ते त्यांना मानवलं नाही आणि त्यांनी ते लवकरच सोडलं. मुलांमध्ये रमणं हा त्यांचा पिंड नव्हता. पण पहिल्या महायुद्धानंतर शत्रुराष्ट्रातली मुलं उपाशी मरताहेत हे भर चौकात पत्रकं वाटून सांगणं, त्यासाठी खटला अंगावर घेणं, आणि पुढे बालहक्कांचा जाहीरनामा लिहून १९२४ साली तो राष्ट्रसंघाकडून (लीग ऑफ नेशन्सकडून) मान्य करून घेणं हे त्यांना जमलं. मुलांवर प्रेम असणं आणि मुलांसाठी संस्था उभारता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे यातली कोणती आहे हे दोन वर्षांत कळतं.

पदवी कोणती घ्यावी, हा प्रश्न हमखास विचारला जातो. समाजकार्य, कायदा, लेखाशास्त्र, नर्सिंग, सार्वजनिक आरोग्य, कशातूनही येता येतं. दोन क्षेत्रांचं ज्ञान असलं तर उत्तमच. सिसिली सॉन्डर्स आधी नर्स होत्या, पाठदुखीने ते सोडावं लागल्यावर रुग्णालयातल्या समाजसेविका झाल्या. मरणाऱ्या माणसांच्या वेदनांवर काम करायचं तर डॉक्टर व्हायला हवं हे कळल्यावर वैद्यकीच्या शिक्षणाला लागल्या. १९५७ साली डॉक्टर झाल्या तेव्हा त्यांचं वय ३८-३९ होतं. १९४८ साली डेव्हिड टास्मा नावाच्या मरणपंथावरच्या रुग्णाने त्यांच्यासाठी ५०० पौंड मागे ठेवले होते, 'तुमच्या घरातली एक खिडकी' होण्यासाठी. ते घर, म्हणजे मरणपंथावरच्या रुग्णांची शुश्रूषा करणारं लंडनचं सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस, उघडलं १९६७ साली. मधली १९ वर्षं त्या तीनही विद्या एकमेकींत मुरवत होत्या. तिशीत संस्थाप्रमुख झालो नाही म्हणून खंतावणाऱ्यांनी हा हिशोब एकदा मांडून पाहावा.

दुसरी पायरी: ताळेबंद वाचता आला पाहिजे

"मला पैशातलं काही कळत नाही, मी माणसांत रमतो" असं अभिमानाने सांगणारे संस्थाचालक मी पाहिलेत. त्यांच्या संस्थेतल्या माणसांची मला काळजी वाटते. पैशाची बाजू हिशोबनिसावर सोपवून चालत नाही, कारण संस्था बुडते तेव्हा आधी बुडतात ते त्या छपराखाली राहणारे.

सगळ्यात आधी शिकायचं ते बांधील निधी आणि मोकळा निधी यांतला फरक. एखाद्या देणगीदाराने मुलींच्या वसतिगृहासाठी म्हणून पैसे दिले तर ते वसतिगृहावरच खर्चायचे. महिनाअखेरीला पगार अडले म्हणून त्यातून उचलले की वड्याचं तेल वांग्यावर काढण्याला सुरुवात झाली, आणि ती सवय सुटत नाही.

एक साधं उदाहरण करून पाहू. समजा संस्थेचा वर्षाचा खर्च १२० एकक आहे, म्हणजे महिन्याला १०. बँकेत ६० दिसताहेत. वरवर पाहता सहा महिन्यांची बेगमी. आता या ६० पैकी ४५ ठरावीक प्रकल्पांसाठी आलेले, आणि ५ देणी थकलेली. हाती उरले १०. म्हणजे तुमच्याकडे एका महिन्याची गंगाजळी आहे. पुढचं अनुदान सहा आठवडे लांबलं, जे नेहमीच लांबतं, तर तुम्ही संकटात आहात. किती महिन्यांची मोकळी गंगाजळी हवी याचं सगळ्यांना लागू होईल असं उत्तर नाही. ज्यांच्याकडे माणसं राहायला असतात त्यांनी तीन महिन्यांच्या खाली जाऊ नये आणि सहाकडे जायचा प्रयत्न करावा असं माझं मत. संस्था बंद करायची वेळ आली तर राहणाऱ्या प्रत्येकाची दुसरीकडे सोय लावायला निदान तेवढा वेळ लागतोच.

लंडनची 'किड्स कंपनी' हे या बाबतीत सगळ्यांनी अभ्यासावं असं प्रकरण आहे. १९९६ साली सुरू झालेली, बेघर आणि दुर्लक्षित मुलांसाठीची, मंत्र्यांपासून कलावंतांपर्यंत सगळ्यांची लाडकी संस्था. दारात आलेल्या कुठल्याच मुलाला परत पाठवायचं नाही हे तिचं ब्रीद. मुलं वाढत गेली, खर्च वाढत गेला, गंगाजळी मात्र साठली नाही. त्याबद्दल लेखापरीक्षकांनी पुन्हा पुन्हा सावध केलं होतं. ऑगस्ट २०१५ मध्ये संस्था एकाएकी बंद पडली. पुढे २०२१ मध्ये न्यायालयाने विश्वस्तांना अपात्र ठरवायला नकार दिला. अखेरच्या काळात संस्थेवर झालेले आणि पुढे निराधार ठरलेले आरोप नसते तर ती कदाचित तगली असती, असंही तिथे नोंदलं गेलं. २०२२ मध्ये धर्मादाय संस्थांच्या नियामकाने देणी वेळेवर न चुकवल्याबद्दल गैरव्यवस्थापनाचा ठपका ठेवला. दोन्ही बाजू वाचा. माझ्या मते त्यातली शिकण्याची गोष्ट अशी: आरोप खरा असो वा खोटा, तो येईल त्या दिवशी देणगीदार हात आखडतात. तो एक धक्का सोसेल एवढी शिल्लक नसेल तर निर्दोष सुटूनही संस्था उरत नाही.

दर महिन्याला फक्त तीन आकडे स्वतः पाहायची सवय लावा: मोकळी शिल्लक किती महिन्यांची, पुढच्या सहा महिन्यांत रोख कधी कमी पडेल, आणि एकूण उत्पन्नातला सगळ्यात मोठ्या देणगीदाराचा वाटा किती. तिसरा आकडा निम्म्याच्या वर गेला तर तुम्ही संस्था चालवत नाही, त्या देणगीदाराचा एक विभाग चालवताय.

तिसरी पायरी: पद घेण्याआधी विश्वस्त मंडळ पारखून घ्या

मोठ्या संस्थेची धुरा घेण्यापूर्वी एखाद्या छोट्या संस्थेत विश्वस्त म्हणून काही वर्षं बसा. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजण्याचा प्रकार वाटेल, पण टेबलाच्या पलीकडून गोष्टी कशा दिसतात ते दुसरीकडे कुठे शिकता येत नाही. विश्वस्तांना किती कमी कळतं आणि किती कमी सांगितलं जातं, हे पाहून मी थक्क झालो होतो. पुढे माझे अहवाल त्यामुळेच लहान आणि स्पष्ट झाले.

पदाची विचारणा आली की मुलाखत दोन्ही बाजूंनी व्हायला हवी. मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल मागा आणि लेखापरीक्षकांनी मंडळाला स्वतंत्र पत्र लिहिलं असेल तर तेही मागा. खरी कुरबुर त्यात असते. आधीचा प्रमुख का गेला, ते त्याच्याच तोंडून ऐका. गेल्या वर्षभरात किती तक्रारी आल्या ते विचारा. "एकही नाही" हे उत्तर अभिमानाने मिळालं तर सावध व्हा. शंभर असहाय माणसांमधून वर्षभरात एकही तक्रार नाही याचा अर्थ तक्रार करायची वाटच नाही. शेवटचा प्रश्न: मंडळाने प्रमुखाचा एखादा प्रस्ताव अलीकडे कधी फेटाळला होता का? ज्या मंडळाने कधीच नाही म्हटलेलं नाही ते तुम्हालाही म्हणणार नाही, आणि एक दिवस ते तुम्हाला महागात पडेल.

संस्थापक अजून मंडळावर असेल तर विचार करून पाऊल टाका. मी एकदा तसं पद घेतलं होतं. कर्मचारी निर्णय विचारायला माझ्याकडे यायचे आणि तो पक्का करायला संस्थापकांकडे जायचे. दीड वर्षात मी बाहेर पडलो. दोष त्यांचा नव्हता. कोणाचा शब्द कुठे अखेरचा हे मी आधी कागदावर मागायला हवं होतं.

चौथी पायरी: पहिले तीन महिने

या काळात नवा लोगो, नवी रचना, नवं ब्रीदवाक्य यातलं काही करू नका. प्रत्येक केंद्रावर एक रात्र काढा. स्वयंपाकघरात, फाटकावर, गाडी चालवणाऱ्याशेजारी बसा. मी सगळ्यांना एकच विचारायचो: "इथे कशाबद्दल बोललं जात नाही?" पहिल्या खेपेला कोणी सांगत नाही. तिसऱ्या खेपेला सांगतात. एक गोष्ट मात्र पहिल्याच आठवड्यात करायची, ती पुढे.

पाचवी पायरी: संरक्षण, आणि इथे रेंगाळायला हवं

दुबळ्या माणसांभोवती सत्ता गाजवू पाहणारे लोक आपोआप गोळा होतात. ही गोष्ट या क्षेत्राला पचवायला फार वर्षं लागली. आपण चांगलं काम करतो म्हणून आपली माणसंही चांगलीच, असा एक भाबडा समज असतो.

२००२ साली पश्चिम आफ्रिकेतल्या निर्वासित छावण्यांमधून मदत देणाऱ्यांकडूनच मुलींचं लैंगिक शोषण होत असल्याचं उघड झालं. त्यानंतर आंतरराष्ट्रीय मदतसंस्थांनी सहा मूलभूत तत्त्वं ठरवली: १८ वर्षांखालील व्यक्तीशी लैंगिक संबंध नाही, मदतीच्या बदल्यात कसलीही लैंगिक मागणी नाही, सहकाऱ्याबद्दल संशय आला तर कळवणं बंधनकारक, वगैरे. नियम होते तरी हैतीतल्या २०१० च्या भूकंपानंतर 'ऑक्सफॅम' या ब्रिटिश मदतसंस्थेच्या काही कर्मचाऱ्यांच्या गैरवर्तनाचं प्रकरण घडलं. २०११ मध्ये अंतर्गत चौकशी झाली, काहींना काढलं, काहींना राजीनामा देऊन जाऊ दिलं. तिथला प्रमुख माणूस नंतर दुसऱ्या मदतसंस्थेत कामाला लागला. सगळं बाहेर आलं ते २०१८ साली, वृत्तपत्रातून. संस्थेचं नाव राखण्यासाठी जे झाकलं त्यानेच नाव गेलं. त्यानंतर २०१९ पासून संस्थांनी माणूस घेताना त्याच्या आधीच्या संस्थांकडे गैरवर्तनाची नोंद विचारायची आणि विचारल्यावर सांगायची, अशी सामायिक योजना सुरू झाली.

तुमच्या संस्थेपुरतं पहिल्या आठवड्यात करायचं ते असं. एकटा मोठा माणूस आणि एकटं मूल बंद दाराआड असणार नाहीत, हा नियम तुम्हालाही आणि सगळ्यात मोठ्या देणगीदारालाही लागू. नेमणुकीआधी आधीच्या दोन मालकांशी फोनवर बोलणं. पत्रावर भागवायचं नाही, कारण पत्र सगळ्यांना चांगलंच मिळतं. आणि फोनवर एकच थेट प्रश्न: "या माणसाला मुलांसोबत पुन्हा कामावर घ्याल का?" उत्तरापेक्षा उत्तराआधीची शांतता ऐका. तक्रारीसाठी किमान तीन वाटा ठेवा, त्यातली एक संस्थेबाहेरच्या व्यक्तीकडे जाणारी आणि एक वाचता-लिहिता न येणाऱ्यालाही वापरता येणारी. मंडळावरचा एक विश्वस्त फक्त याच विषयासाठी नेमून घ्या आणि तुमच्याविरुद्धची तक्रार थेट त्याच्याकडे जाईल असं लिहून ठेवा.

तक्रार आली की काय करायचं? सर्वप्रथम ज्याने सांगितलं त्याची सुरक्षा. मग ज्याच्यावर आरोप आहे त्याला लोकांच्या संपर्कातून बाजूला काढणं. ही शिक्षा नव्हे, हे त्यालाही सांगायचं. मग देशाच्या कायद्यानुसार पोलिसांना किंवा संबंधित यंत्रणेला त्याच दिवशी कळवणं. मुलाला पुन्हा पुन्हा खोदून विचारू नका, स्वतः गुप्तहेर होऊ नका. जे ऐकलं ते त्याच्याच शब्दांत, तारीख-वेळ टाकून लिहून ठेवा. आणि नियामकाला, मोठ्या देणगीदारांना तुम्ही स्वतः आधी सांगा. मी असा फोन केलाय. हात थरथरत होते. पलीकडून आलेला पहिला प्रश्न "मूल आता कुठे आहे?" असा होता. त्या देणगीदाराबद्दलचा माझा आदर अजून तसाच आहे.

सहावी पायरी: खरंच उपयोग होतोय का

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये १९३९ साली केंब्रिज आणि सॉमरव्हिल या शहरांतल्या ५०६ मुलांवर एक प्रयोग सुरू झाला. मुलगे गुन्हेगारीकडे वळू नयेत म्हणून. सारख्या मुलांच्या जोड्या लावून प्रत्येक जोडीतल्या एकाला नाणेफेकीने मदतीसाठी निवडलं. त्याला सरासरी पाच वर्षं समुपदेशक, घरभेटी, अभ्यासात मदत, उन्हाळी शिबिरं. तीस वर्षांनी गुन्हेगारीच्या अभ्यासक जोन मॅककॉर्ड यांनी त्या माणसांचा माग काढला. मदत मिळालेल्यांपैकी बहुतेकांनी सांगितलं, आम्हाला फार उपयोग झाला. पण गुन्हे, दारूचं व्यसन, अकाली मृत्यू अशा बाबींत त्यांची स्थिती, मदत न मिळालेल्या जोडीदारांपेक्षा वाईट निघाली.

हे वाचून माझी झोप उडाली होती. आभार खरे असतात, आणि तरीही कामाने नुकसान झालेलं असू शकतं. म्हणून समाधानाचे फॉर्म भरून घेणं बंद करा. त्यात सगळे खूशच असतात.

त्याऐवजी मोजण्याची गोष्ट बदला. बांगलादेशात फजले हसन अबेद यांनी १९७२ साली सुरू केलेल्या 'ब्रॅक' या संस्थेने १९८० पासून दारोदार जाऊन आयांना अतिसारावरचं मीठ-गूळ-पाण्याचं द्रावण करायला शिकवलं. दहा वर्षांत एक कोटीहून जास्त घरं झाली. शिकवणाऱ्या बायकांना घरांच्या संख्येवर पैसे नव्हते. काही काळाने दुसरंच कोणीतरी त्यातल्या निवडक घरी जाई आणि आईला किती लक्षात आहे ते तपासे, त्यावर मोबदला ठरे. पुढे असंही दिसलं की आयांना सगळं पाठ आहे पण त्या ते वापरत नाहीत, कारण शिकवणाऱ्यांचाच त्यावर विश्वास नव्हता. मग आधी त्यांचीच समजूत पटवावी लागली. 'अमुक इतक्या महिलांना प्रशिक्षण दिलं' एवढ्यावर ते थांबले असते तर यातलं काहीच कळलं नसतं.

छोट्या संस्थेला प्रयोग-संशोधन परवडत नाही. ठीक आहे. चार गोष्टी तरी करता येतात. संस्थेतून बाहेर पडलेल्यांना वर्षाने गाठा. कितीजण सापडत नाहीत हाही एक निकाल आहे. मध्येच सोडून गेलेल्यांशी बोला, ते सर्वांत खरं बोलतात. "तुम्हाला आवडलं का?" असं न विचारता "आम्ही कोणती एक गोष्ट बंद करावी?" असं विचारा. आणि विचारायला त्यांच्यातलाच, पूर्वी त्याच खाटेवर झोपलेला माणूस पाठवा. अशा दोघांना तरी मंडळावर मतदानाच्या हक्कासह घ्या. एकट्याला घेऊ नका, एकटा गप्प बसतो. 'लाभार्थी' हा शब्द तेव्हापासून माझ्या तोंडी येईनासा झाला, कारण मतदान करणारा माणूस स्वतःच हरकत घ्यायला लागला.

सातवी पायरी: पैसे मागणं

लाज सोडा. तुम्ही स्वतःसाठी मागत नाही, हे तुम्हाला पटलेलं असेल तर समोरच्यालाही पटतं. पण दोन ठिकाणी ठाम राहा.

एक, फोटो. रडणाऱ्या मुलाच्या फोटोवर पैसे जास्त येतात म्हणून तो वापरायचा हा मोह रोजचा आहे. माझी कसोटी सोपी: हेच मूल पंचवीस वर्षांचं होऊन हा फोटो पाहील तेव्हा मी त्याच्या समोर बसू शकेन का? आणि जेवणाच्या रांगेत उभ्या माणसाने दिलेली संमती ही संमती नसते. ती दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या माणसाने, नाही म्हटलं तरी काही बिघडणार नाही हे समजावून मागायची.

दोन, प्रशासनखर्च. "आमचे सगळे पैसे थेट गरजूंना जातात" अशी जाहिरात करू नका. समुपदेशकावर देखरेख, हिशोब, प्रशिक्षण, माणसांची पारख, हे सगळं 'प्रशासन' या रकान्यात जातं, आणि वर जी संरक्षणाची यादी दिली ती त्यातूनच चालते. प्रत्येक प्रकल्पाच्या अर्जात त्याचा खरा वाटा लावा. नाही म्हणणारा देणगीदार गेला तर जाऊ द्या. एखाद्या अनुदानाला नकार देणं हे मी फार उशिरा शिकलो.

आठवी पायरी: माणसं टिकवणं

त्यागावर चालणारी संस्था ज्यांना घरून आधार आहे त्यांचीच राहते. म्हणून पगार जेवढे देता येतील तेवढे द्या, आणि स्वतःचा पगार जाहीर ठेवा. दुःख ऐकणाऱ्या प्रत्येकाला ठरल्या वेळी बोलायला बाहेरचा समुपदेशक हवा. माणूस चिडचिडा होणं, लोकांना नावाऐवजी 'ती केस' म्हणायला लागणं, सुट्टी न घेणं या तिन्ही खुणा दिसल्या की त्याला कामावरून थोडं दूर करा. आधी स्वतःत शोधा. मी सलग चार वर्षं सुट्टी घेतली नव्हती आणि ते अभिमानाने सांगत होतो. माझ्या सहकाऱ्यांना त्यामुळे सुट्टी मागायची चोरी झाली होती, हे मला एका राजीनाम्यातून कळलं.

नववी पायरी: निघायचं कसं

पद घेतल्यावर दुसऱ्या वर्षीच मंडळाला एक बंद पाकीट द्या: उद्या मी नसलो तर कोणी काय सांभाळायचं. दरवर्षी ते बदला.

संस्थेचं मूळ काम संपलं तर? अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी १९३८ साली पोलिओविरुद्ध उभी केलेली संस्था, जी पुढे 'मार्च ऑफ डाइम्स' नावाने ओळखली गेली, तिच्यापुढे १९५५ मध्ये लस आल्यावर हाच पेच आला. १९५८ साली तिने नवजात बालकांमधल्या जन्मजात दोषांकडे मोर्चा वळवला. गुंडाळून टाकणं हाही पर्याय होता. दोन्हींपैकी काय करायचं हे पगार घेणाऱ्या प्रमुखाने एकट्याने ठरवू नये, त्याची खुर्ची त्यात अडकलेली असते.

मी साधारण सात-आठ वर्षांनी निघावं या मताचा आहे. निघताना नव्या व्यक्तीसाठी फाइल करा, पण यशाचे अहवाल तिला वेबसाइटवर मिळतील. फाइलमध्ये असावं ते असं: कोणती देणगी का नाकारली, कोणत्या कर्मचाऱ्याला कोणतं आश्वासन तोंडी दिलंय, कोणती तक्रार अजून पूर्ण मिटलेली नाही, कोणत्या केंद्राबद्दल पुरावा नाही पण शंका आहे. मग किल्ल्या द्या, बँकेतल्या सह्या त्याच आठवड्यात काढा, मंडळावर सल्लागार म्हणून बसू नका. जुने सहकारी फोन करून नव्या माणसाची गाऱ्हाणी सांगतील. त्यांना तक्रारपेटी कुठे लावली आहे ते सांगा.